जातो नाही, जाऊन येतो

कॉलेजात अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका बघणाऱ्यांचा आमचा एक छोटा घोळका आहे. कँटीनच्या शेवटच्या टेबलावर बसतो. कुणी नवीन आलं आणि सुरुवात कशापासून करू असं विचारलं, की बाकीचे माझ्याकडे बोट दाखवायचे. मला त्यातलं फार कळतं असं नाही. बाकीचे आपल्या आवडीचं नाव सांगून मोकळे होतात, मी मात्र समोरच्यालाच विचारत बसते. घरी कुणासोबत बघणार? पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचत वाचत बघायची सवय आहे का? रडू आलं तर चालेल का? सगळे हसायचे, डॉक्टरीणबाई आल्या म्हणायचे.

या वर्षी एका नव्या मुलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला नाही माहीत. आणि पिशवी उचलून बाहेर आले. ती बिचारी बघतच राहिली असेल. तिला जे सांगता आलं नाही ते लिहून बघतेय. नीट जमेल की नाही, कळत नाही.

आम्ही चौक गावचे, भाईंदरजवळच्या उत्तनच्या पुढचे. बाबा सगळं आयुष्य बोटीवर होते. मग किडन्या गेल्या आणि भाईंदरला डायलिसिस सुरू झालं. आई अंगणात बांबूवर बोंबील सुकवते. ऊन असेपर्यंत तिला हलता येत नाही. माझं कॉलेज भाईंदरलाच, आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे रिपोर्ट वाचायला आणि डॉक्टरांशी बोलायला मीच. बाबांना बसने घेऊन जायचं, हाताला सुया लागल्या की शेजारी स्टूल ओढून बसायचं, चार तासांनी परत आणायचं.

बाबांना तिथे जायचं नसायचं. दुखण्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण चार तास हात न हलवता खुर्चीत पडून राहणं, आणि समोर पांढरी भिंत, हे त्यांना सोसत नव्हतं. पाणी मोजून प्यायचं, सुका बोंबील बंद, त्यात हे. हळूहळू ते टाळायला लागले. आज अंगात कणकण आहे, आज बस चुकली, आज पाहुणे येणार आहेत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की असं चुकवत राहिले तर फार दिवस निघणार नाहीत. मी मान हलवली. घरी येऊन आईला त्यातलं अर्धंच सांगितलं.

माझ्याकडे होतं काय? फोन होता आणि अ‍ॅनिमे होतं. चार तास गोड लागतील असं काही मिळालं तर बाबा येतील, एवढंच माझं गणित. माझा एक नियम होता, नव्या माणसाला त्याच्या ओळखीच्या दारातून आत न्यायचं. क्रिकेट खेळणाऱ्याला खेळाची गोष्ट द्यायची, स्वयंपाक आवडणाऱ्याला स्वयंपाकाची. म्हणून बाबांसाठी मी किनाऱ्यावरच्या मासेमारांची गोष्ट निवडली. पाणी इतकं सुंदर काढलं होतं की मला वाटलं, आता हे नक्की जिंकणार.

एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत कुजबुजत होते. पडद्यावर एक मुलगा एकटाच हसत हसत जाळं ओढत होता. बाबा थोडा वेळ बघत राहिले.

“एकटा ओडतंय? कनाच मोडंल त्याचा,” ते म्हणाले. मी हसले. मग ते म्हणाले, “बंद कर बाय. मना बगवत न्हाय.”

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांना बोटीवर जाऊन किती महिने झाले होते, हे मला तेव्हा आठवलं. त्यानंतर त्यांनी दोनदा जाणं चुकवलं. पाय सुजले, रात्री उशीला टेकून बसावं लागायला लागलं.

पुढच्या वेळी कसंबसं नेलं, तेव्हा मी जे निवडलं त्याला एकच कारण होतं. त्यात समुद्र नव्हता. डोंगरातल्या एका गावात बस चालवणाऱ्या बाईची मालिका होती ती. तिच्या बसमध्ये मोजकी माणसं चढतात, बोलतात, उतरतात. बाकी काहीच घडत नाही. आमच्या घोळक्यात ही कुणी नव्या माणसाला सुचवली असती तर त्याला वेड्यात काढलं असतं.

पहिल्याच भागात तिचा मुलगा शाळेत निघताना दारातून काहीतरी ओरडतो. खाली इंग्रजीत आलं की मी निघालो. मी वाचून दाखवलं, “आई, मी जातो.”

बाबांनी मान वळवली. “जातो काय? घरातून निगताना कोन जातो बोलतं? त्याला कोनी शिकवलं न्हाय?”

आमच्याकडे हे कुणीच बोलत नाही. चार घरं पलीकडे जायचं असलं तरी येतो म्हणायचं. बोटीवर निघणाऱ्याने तर जातो हा शब्द तोंडातही आणायचा नाही. लहानपणी मी एकदा तसं म्हटलं होतं, तेव्हा आईने मला दारातून परत बोलावून पुन्हा म्हणायला लावलं होतं.

मला राहवलं नाही. तो तुकडा मी पुन्हा लावला, शब्द कान देऊन ऐकला आणि तिथेच फोनवर शोधला. मुलगा म्हणत होता, इत्तेकिमास. त्याचा सरळ अर्थ, जाऊन येतो. आणि आतून आई जे म्हणते त्याचा अर्थ, जाऊन ये. इंग्रजीत येताना त्यातलं येणं गळून पडलं होतं. आणि मी मराठी असून ते तसंच वाचलं होतं.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी मोकळ्या हाताने इअरफोन कानात नीट बसवला. मग म्हणाले, “मंग बरोबर. मानसं आपल्यातलीच हायेत. चालू कर.”

त्या दिवसापासून ते यायला लागले. चार तास संपत आले की मी भाग अर्ध्यावर थांबवायचे आणि उरलेला पुढच्या वेळी, असं सांगायचे. त्यांना ते लगेच कळलं. “मना गरीला लावतेस काय गं?” ते म्हणाले. ज्याने जन्मभर गळाला आमिष लावलं, त्याला माझा गळ दिसणारच. पण ते आले. शेजारच्या खुर्चीवरचे गुजराती काका एकदा म्हणाले, “बेटा, जरा जोर से बोल,” तेव्हापासून मी त्यांच्यासाठी हिंदीतही सांगायला लागले. मालिकेतली बस कधी उशिरा येत नाही यावर बाबांचा विश्वास बसायचा नाही. आपल्या चौकच्या बसला ही बाई पाहिजे होती, असं ते काकांना सांगायचे.

आणि ते घरातून निघताना दारात उभे राहून आईला म्हणायचे, “इत्तेकिमास.” कधी माशाला हाक मारल्यासारखं त्याचं ‘इतं ये की मास’ करायचे आणि स्वतःच हसायचे. आई बोंबील पालटता पालटता म्हणायची, बडबड पुरे, बस जाईल. तिला अर्थ सांगायचा नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. मालिका संपली की तिला सगळी एकदम दाखवायची, मग तिला आपोआप कळेल, असं त्यांच्या मनात होतं.

मालिका संपली नाही. एका दुपारी भाग मध्यावर आला होता आणि मी थांबवायच्या आतच यंत्र वाजायला लागलं. रक्तदाब खाली गेला. मला बाहेर काढलं. मग वरच्या मजल्यावर नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. मी हे सगळं उशिरा सुरू केलं का, की कशानेच फरक पडणार नव्हता, मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं. मी ऐकून घेतलं. त्याने मन हलकं झालं नाही.

महिन्याभराने आईने विचारलं. दुपार होती, ती अंगणात मासे साफ करत बसली होती, हाताला खवले चिकटलेले.

“बापसाला ते काय दाखवायचीस, ते मना लाव.”

मी म्हटलं, तुला दुसरं दाखवते, हसायचं आहे, छोटं आहे. मला खरंच दोन-तीन आठवली होती. तिने मानेनेच नाही म्हटलं. “त्याला दाखवायचीस तेच.”

मी तिच्याजवळ बसले आणि पहिला भाग लावला. खालच्या ओळी मराठीत वाचून दाखवायला लागले. मुलगा दप्तर घेऊन दाराशी आला, ओरडला. आईचा हात थांबला.

“ह्यो शब्द तुजा बापूस बोलायचा.”

“हो.”

“काय त्याचा अर्थ?”

तेवढ्यात मला वाटलं की काहीतरी खोटं सांगावं. राम राम असतं, म्हणावं. किंवा सांगावं की बाबा उगीच चेष्टा करायचे. पण इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी माझ्याकडून वाचून घेतलेलं हे पहिलंच होतं.

“जाऊन येतो,” मी म्हटलं.

ती पडद्याकडे बघत राहिली. पोरगा केव्हाच निघून गेला होता, बस वळणावर होती.

“मंग घरातल्यानं काय बोलायचं असतं?”

“जाऊन ये.”

आईने मान हलवली. ते दोन शब्द तिने ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले. तिने पदराने हात पुसले, खवले मात्र निघाले नाहीत.

“मागं घे जरा,” ती म्हणाली. “तो निगतो तितून लाव.”