ढिगाजवळचा रिकामा खांब

लग्नानंतर दारव्ह्याच्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मी रेच्यावर बसू लागले, ते साठ सालच्या आगेमागे. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. त्याच्या तोंडी कापूस देत राहायचा. आम्ही सगळ्या बायाच. मागे टिनाखाली कापसाचा ढीग आणि खांबांना बांधलेल्या झोळ्यांत आमची लेकरं. ओला कापूस दडपून राहिला की आतून तापतो. पौषातल्या थंडीत त्या उबेला लेकरं छान झोपायची, म्हणून ढिगाजवळच्या खांबावरून आमची भांडणं व्हायची.

मुकादमाचा एक कायदा होता. ढीग तापला असं जी सांगेल, तिच्या रांगेनं तो उपसायचा आणि त्या दिवसाची मजुरी मागायची नाही. मोठा शहाणा माणूस! त्याच्या राज्यात ढीग कधी तापलाच नाही.

त्या सकाळी लेकीला पाजायला उठले. सहज ढिगात हात घातला तर चटका बसला. करपट वासही येत होता. मी गुपचूप लेकीची झोळी पलीकडच्या खांबाला बांधली. मागोमाग माझी जाऊ उठली, मग बाकीच्या. मुकादमानंही आपला डबा तिथून हलवला. अळीमिळी गुपचिळी. मला सगळ्यांचा संताप आला, माझासुद्धा, आणि तरी हात कापूस देतच होते.

तेवढ्यात तांड्यावरून पहिल्यांदाच कामाला आलेली एक बाई तो रिकामा खांब पाहून हरखली. तिनं आपलं तान्हं तिथंच झोळीत घातलं.

मी उठतेय हे पाहून जावेनं माझं मनगट धरलं. "चूप बस. सगळ्याइची मजुरी जाईन. तुले काय करा लागते?"

मी हात सोडवला आणि ढीग तापल्याचं मुकादमाला सगळ्यांसमोर सांगितलं. रेचे थांबले. त्या बाईनं धावत जाऊन बाळ उचललं. आम्ही ढीग उपसला तर आतला कापूस काळा पडलेला, वारा लागताच धुमसायला लागला. बादल्यांवर बादल्या ओतल्या तेव्हा कुठे विझला.

मजुरी बुडाली. रांगेतली एकही माझ्याशी बोलेना. संध्याकाळी फाटकाशी ती तांड्यावरची बाई बाळाला घेऊन थांबली होती. मला वाटलं, दोन गोड शब्द बोलेल.

"तुमी सगळ्याइनं आपापले लेकरं उचलून नेले," ती म्हणाली. "मले काहून नाही सांगितलं?"

बाकीच्या माना खाली घालून पुढे निघून गेल्या. बोलले होते मी एकटीच, म्हणून तिनं विचारलंही मलाच.