दुहेरी सहा

हरिदास बेंडकुळेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या हॉलमध्ये खाली मांडी घालून बसला होता आणि डोळ्याला भिंग लावून एका नाण्याकडे बघत होता. मी आत गेले, पोहे केले, चहा टाकला, बाहेर आले, तरी तो त्याच नाण्याकडे त्याच बाजूने बघत होता. माणूस देवाकडेसुद्धा इतका वेळ बघत नाही.

दर शुक्रवारी सकाळी दोह्याजवळच्या अल रय्यानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये ही मंडळी जमतात. मंडळी म्हणजे तिघं. एक माझा नवरा सदानंद, गॅस कंपनीत इंजिनिअर. दुसरा रहमान, केरळचा, शाळेत फिजिक्स शिकवतो. त्याच्याशी आमचं सगळं हिंदीत. आणि तिसरा हा हरिदास. सिन्नरकडचा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, नजमा भागात सहाजणांच्या खोलीत राहणारा, दोन बस बदलून येणारा. तिघांचं वेड एकच, जुने अमेरिकन सेंट, म्हणजे तिकडची तांब्याची नाणी. अमेरिकेत तिघांपैकी एकानेही पाऊल ठेवलेलं नाही. आपल्या शिवराईने तुमचं काय घोडं मारलंय, असं मी एकदा विचारलं. सदानंदने त्यावर वीस मिनिटं उत्तर दिलं आणि शेवटी मला आधीपेक्षा कमी कळलं.

जे कळलं ते एवढंच. नाणं ज्या ठशाने छापतात त्याला हे लोक डाय म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी त्या डायमध्ये सालाचे आकडे एकेक करून हातोडीने ठोकायचे. एखादा आकडा तिरका बसला की कामगार तो पुन्हा ठोकायचा, आणि मग त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर आकड्याला चिकटून दुसरा आकडा दिसायचा. अशी चुकलेली नाणी शोधायची, त्यांना नंबर द्यायचे आणि जिवापाड जपायची. माझ्या आमटीत मीठ दोनदा पडलं तर या घरात कुणी जपून ठेवत नाही.

हरिदासकडे नाणं एकच. सूक वाकिफ या जुन्या बाजारातल्या एका दुकानात जुन्या कुलपांच्या ढिगात सापडलेलं, १८३६ सालचं, तांब्याचं, आपल्या जुन्या मोठ्या रुपयाएवढं, काळंकुट्ट. त्यातल्या सहाच्या पोटात आणखी एक सहा आहे, असं त्याचं म्हणणं. सदानंदला तो कधी दिसायचा, कधी नाही. रहमानला चष्मा काढल्यावर दिसायचा. मला नुसतं काळं दिसायचं. चार शहाणी माणसं एकाच आकड्याकडे बघतात आणि चौघांना चार गोष्टी दिसतात, याला छंद का म्हणायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

पण असा सहा आजवर कुणाच्याच यादीत नव्हता म्हणे. अमेरिकेत या सेंटवाल्यांचं एक मंडळ आहे. रहमानने त्यांना मोबाइलवरचे फोटो पाठवले. उत्तर आलं की नीट फोटो पाठवा, खरं निघालं तर यादीत घालू, शोधणाऱ्याच्या नावासकट. हरिदास बेंडकुळे, दोहा.

हरिदासने आमच्या हॉलमधूनच गावी बायकोला, सत्यभामेला, फोन लावला. ती म्हणाली, दुसऱ्याची चूक शोधली म्हणून नाव छापतात होय? याला काही ते समजावून सांगता येईना.

"वहिनी, तुम्ही सांगा ना तिला," तो मला म्हणाला. मी काय सांगणार, कपाळ! मलाच कुणी सांगितलं तर बरं.

फोन ठेवल्यावर मात्र तो सरळ बोलला. "बावीस वर्षं डाय बनवल्या सातपूरच्या कारखान्यात. एकीवर माझं नाव नाही. हे एक लागलं तर बरं होईल." त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मला बघवेना.

पुढच्या शुक्रवारी रहमान शाळेतला मायक्रोस्कोप आणणार होता. तोवर हरिदासने नाणं सदानंदकडे ठेवलं. आणि त्याच आठवड्यात लक्ष्मीपूजन आलं.

दुपारी मी ताम्हन, पळी, समया चिंच-मीठ लावून घासत होते. पूजेला नाणी हवीत म्हणून सदानंदच्या टेबलावरची चार उचलली. तीन पांढरी, एक काळं. लक्ष्मीपुढे काळं नाणं ठेवायचं? माझ्या आईने मला उभी फाडली असती. घासलं. एकदा नाही, तीनदा घासलं. असं लखलखलं की मला माझंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी पूजेला बसल्यावर सदानंदचा हात ताटावरच थांबला.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्याच टेबलावरून. छान निघालंय ना?"

आरती झाल्यावर तो बोलला. ते काळं नाणं हरिदासचं होतं. जुनं नाणं कधी घासत नाहीत, घासलं की जाणकारांच्या लेखी ते मेलं. हे मला आधी कुणी सांगितलं होतं का? घरात तीनशे नाणी, नियम एकाचाही सांगितलेला नाही. मी त्याच्यावर भरपूर ओरडले आणि मग आत जाऊन रडले.

शुक्रवारी रहमानने ते नाणं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "भाभीजी, ये क्या कर दिया!" रहमानने नाणं मायक्रोस्कोपखाली ठेवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर भोपळ्याएवढा सहा आला. एकच. पोटात काही नाही.

"था. पक्का था," रहमान म्हणाला. "घिसने से निकल गया."

सदानंदने मान डोलावली. मग दोघांनी मिळून मार्ग काढला. जुने फोटो आहेत, आम्ही दोघं साक्षीदार आहोत, नाणं घरात चुकून घासलं गेलं असं कळवू, मंडळवाले समजून घेतील. नाव लागेल. मी ट्रे धरून दारात उभी होते. एका माणसाचं नाव मी चिंचेने धुतलं होतं आणि तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती.

हरिदासने नाणं उचललं, खिडकीशी नेलं आणि बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"साहेब, चिंचेनं मळ जातो," तो म्हणाला. "तांबं जात नसतं. डायमधून उठलेला आकडा तांब्याचाच असतो. दुसरा सहा असता तर उलट उजळून वर आला असता. जे गेलं तो मळच होता. मी चुकलो. कळवू नका काही."

"हरिदासभाई, कौन पूछनेवाला है?" रहमान म्हणाला.

"नको," हरिदास म्हणाला आणि नाणं सुट्ट्या पैशांसारखं खिशात टाकलं.

रिकामे कप घेऊन तो स्वयंपाकघरात आला तेव्हा मला रागच आला. कुणाचा, ते कळत नव्हतं.

"अहो, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? बोलणी मलाच बसली असती ना? बसू देत की."

त्याने नळ सोडला, कप विसळला.

"सातपूरला एका डायवर आकडा दुहेरी उठला होता, वहिनी. ठोकला होता सुपरवायझरच्या मेव्हण्यानं. माल परत आला तेव्हा सगळे म्हणाले, हरिदासनं केलं. एकानंही तोंड उघडलं नाही. बावीस वर्षांची नोकरी खलास. म्हणून तर इथं आलो." मग दुसरा कप घेतला. "आता सत्यभामेला काय सांगायचं तेवढं सांगा."

मी हात पुसले, त्याच्याच फोनवरून तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मायक्रोस्कोप, मळ, चिंच. तिला किती कळलं देव जाणे.

"मग चूक कुणाची?" तिने विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

"नाय, माझी," हरिदास मागून ओरडला. "तिचं ऐकू नको!"

"मी घासलं!"

"घासलं म्हणून काय झालं? मळाला सहा मीच म्हटलं ना!"

हे सगळं सत्यभामेला फोनवर ऐकू जात होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "तवा तुम्ही सातपूरला पाहिजे होत्या."