सहा हातांची कमान

रत्नागिरीला डी.एड. करत होते तेव्हा माझ्या होस्टेलच्या मुली रविवारी मांडवीला समुद्र बघायला जायच्या आणि मी इमारतींच्या पाठी बघत हिंडायचे. मुली मला वेडी म्हणायच्या. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. एखादं जुनं घर असो, देऊळ असो, सरकारी कचेरी असो, मी आधी मागून वळसा घालायचे. भिंतीचा कोपरा हाताने चाचपायचे, छपराचं पाणी कुठे पडतं ते बघायचे आणि मग कुठे पुढे येऊन दाराकडे नजर टाकायचे. किल्ल्यावर गेलो तेव्हा सगळ्या जणी दीपगृहाकडे पळाल्या आणि मी तटाच्या चिऱ्यांचे सांधे बघत बसले. हे वेड माझं नव्हतं, आबांचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील, मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावचे गवंडी. जांभ्या दगडात त्यांचा हात बसलेला. खाणीतून काढलेला तांबडा चिरा एक पावसाळा उघड्यावर ठेवायचा, पाणी पिऊन आणि ऊन खाऊन तो टणक झाला की मगच भिंतीत घ्यायचा, हा त्यांचा नेम होता. घाईचं गिऱ्हाईक ते सरळ परत पाठवत. दुसरा नेम असा की नवं काम धरलं की आधी कुठेतरी जाऊन एखादी इमारत बघून यायची. गावात शाळेची भिंत बांधायची होती तेव्हा दोन दिवस दापोलीत जाऊन राहिले आणि तिथल्या जुन्या शाळा बघून आले. “पुढून समदे बघतात,” ते म्हणायचे. “गवंडी मागनं कळतो.”

मला त्यांनी एकदा पन्हाळेकाजीची लेणी दाखवायला नेलं होतं. आम्ही बौद्ध. आबांनी ऐन तरुणपणी दीक्षा घेतलेली. मला वाटलं, ते आत जाऊन आधी हात जोडतील. त्यांनी आधी खांबावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. “बाय, ह्ये बांधलेला नाय, कोरून काढलेला हाय,” ते म्हणाले. “येक घाव चुकला तर परत लावायला दगड नाय.” मग हात जोडले. त्या दिवशी मला आपला बाप कोण आहे ते पहिल्यांदा नीट कळलं.

एक इमारत मात्र त्यांनी कधीच बघितली नव्हती, आणि ती सगळ्यांत जास्त ऐकलेली होती. रत्नागिरीचा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी बांधलेला. माझा आजा तरुणपणी तिथे चिरे वाहायला होता. काम संपल्यावर त्याला आणि त्याच्यासारख्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही, असं आमच्या घरात सांगत. तिथल्या एका कमानीचं वर्णन आजाने इतक्यांदा केलं होतं की आबांना ती न बघता पाठ होती. एसटीने रत्नागिरी गाठायला दिवस मोडतो, म्हणून जमत नाही, असं आबा म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. बापाला जिथे आत घेतलं नाही ते आपण बाहेरून बघायला जायचं, हे त्यांच्याने होत नव्हतं.

मी डी.एड.ला असतानाच आमच्या वाडीत विहार बांधायचं ठरलं. पैसा मुंबईकरांचा, म्हणजे आमच्या वाडीतले जे मुंबईत नोकरीला होते त्यांच्या मंडळाचा. त्यांनी नकाशाही पाठवला: चार खांब, वर स्लॅब, सगळीकडे प्लॅस्टर. आबांनी नकाशा गुंडाळून फळीवर ठेवला आणि सांगितलं की बांधीन तर चिऱ्यात बांधीन आणि पुढे कमान घालीन. दोन महिने पत्रापत्री झाली. शेवटी मंडळ म्हणालं, घाला कमान, पण तिचा लोखंडी दरवाजा आम्ही मुंबईत करून घेणार, तेव्हा माप फुटात कळवा.

मला पोस्टकार्ड आलं. आबांना लिहिता येत नव्हतं, पोस्टमनकडून लिहून घेतलेलं. ‘राजवाड्याच्या कमानीचे माप घेऊन पाठव. टेपेने नको, हाताने मोज. टेपेने मोजलेले ध्यानात राहत नाही. मुंबईलाही फुटात तूच कळव.’

मी त्याच रविवारी गेले. आधी अर्थातच मागे जाऊन आले. तांबड्या भिंती, उतरती छपरं, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या, सगळं डोळे भरून बघितलं आणि पुढे येऊन कमानीशी वाकले. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे मोजत निघाले. तिसऱ्या हाताला पहारेकऱ्याने हटकलं, “काय मोजता?” मी शरमून म्हटलं, “काही नाही.” तो वळल्यावर उरलेले हात घाईने मोजले. सहा हात रुंद. उंचीही अंदाजाने हातांतच काढली. होस्टेलवर येऊन फूटपट्टीने माझा हात मोजला, सोळा इंच भरला. सोळा सक शहाण्णव, म्हणजे आठ फूट. मी शिक्षिका होणार होते, माझा गुणाकार बरोबर होता. मुंबईला लिहिलं, आठ फूट. आबांना लिहिलं, सहा हात.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा कमान उभी होती. लाकडी साचा काढून आठवडा झाला होता आणि एक चिरा केसभर हलला नव्हता. मला ती राजवाड्याच्या कमानीपेक्षा मोठी वाटली. आपली म्हणून मोठी वाटते, असं मी मनाशी म्हटलं. बुद्धपौर्णिमेला आठ दिवस होते. तेवढ्यात ट्रकवरून मुंबईचा दरवाजा आला आणि त्याच्यासोबत मंडळाचे सेक्रेटरी.

चौघांनी दरवाजा उचलून कमानीत उभा केला. बापाचा सदरा घातलेल्या पोरासारखा तो मध्येच उभा राहिला. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच मोकळे, वरही तशीच फट. सेक्रेटरींनी खिशातून माझं पत्र काढलं, टेप मागवली आणि कमान मोजली. साडेनऊ फूट भरली.

“गवंडीबुवा, दीड फुटाचा फरक,” ते म्हणाले. “आता कमान उतरवा आणि वर सरळ बीम टाका. आठ दिवसांत दुसरं काही होणार नाही.”

मला वाटलं, आबा आता भडकतील. त्यांनी फक्त कमानीकडे बघितलं आणि म्हणाले, “चुकला आसंल माजा.” एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. दुपारी ते जेवले नाहीत.

दुपार उलटल्यावर मी बघितलं तर ते आमच्या घराच्या चौकटीवर हात लावून मोजत होते. स्वतःवर भरवसा उरला नाही की माणूस असं काहीतरी मोजत बसतो. त्यांचा तो लांब, सुकलेला हात चौकटीवर पडलेला मी बघितला आणि नकळत स्वतःचा हात समोर धरला. सहा हात. पण कोणाचे?

खरं सांगते, गप्प बसावं असं मनात आलं. वाडीतली शिकलेली पहिली मुलगी मी, होण्याआधीच लोक मला मास्तरीण म्हणायला लागले होते. मंडळाच्या फायलीत माझ्या सहीचं पत्र होतं आणि त्यात चूक नव्हती. आबांना लिहिलेल्या पत्रातही नव्हती. चूक दोन पत्रांच्या मध्ये होती, आणि तिथे माझ्याशिवाय कोणी बघणार नव्हतं. पण मी गप्प बसले असते तर आबा पुन्हा कधी भिंतीला ओळंबा धरताना स्वतःवर विसंबले नसते.

संध्याकाळी विहाराच्या अंगणात सगळे जमले. कमान कधी उतरवायची एवढंच ठरवायचं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं की राजवाड्याची कमान मी माझ्या हाताने मोजली आणि आबांनी ती त्यांच्या हाताने बांधली. चूक माझी आहे, गवंड्याची नाही.

आबा उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या कोपराला कोपर लावून हात सरळ धरला. माझी बोटं संपली तिथे त्यांची बोटं नुकती सुरू झाली होती. आधी बायका हसल्या, मग सगळे. सेक्रेटरी सर्वांत शेवटी हसले, पण हसले.

“कमान उतरनार नाय,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. “मना दोन दीस द्या.”

दोन दिवसांत त्यांनी कमानीच्या आत दोन्ही बाजूंना एकेका चिऱ्याचे सडसडीत खांब उभे केले आणि त्यांच्यात मुंबईचा दरवाजा बसवला. वरची फट बुजवा म्हणून लोक सांगत होते. त्यांनी ती तशीच ठेवली. पौर्णिमेच्या सकाळी त्या फटीतून ऊन आत आलं आणि थेट मूर्तीच्या पायापर्यंत पोचलं. मुंबईकर म्हणाले, काय डोकं लावलंय. आबांनी ते कबूलही केलं नाही आणि नाकारलंही नाही.

पुढच्या वर्षी माझा निकाल लागला तेव्हा ते रत्नागिरीला आले. धुतलेला सदरा, टोपी, हातात छत्री. निकालाचा कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “चल, राजवाडा दाखव.”

ते आधी मागे गेले. भिंतीवरून हात फिरवत पूर्ण वळसा घातला. यातला एखादा चिरा त्यांच्या बापाच्या डोक्यावरून आला असणार, पण ते तसं काही बोलले नाहीत. पुढे येऊन कमानीशी वाकले आणि मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. तीन. पहारेकरी तोच होता. तो लगबगीने आला. “काय मोजता, बाबा?”

मी खाली बघायला लागले. आबांनी मोजणं थांबवलं नाही. चार, पाच झाले आणि हात पलीकडच्या चिऱ्याला टेकला. मग ते सावकाश उठले, छत्री काखेत धरली आणि पहारेकऱ्याला म्हणाले, “पाच भरली. आमची सहा हाय.”

आणि त्याने काही विचारायच्या आत ते कमानीखालून आत गेले.