ड्राफ्टचे पेढे

मुलगा अमेरिकेतल्या कॉलेजात तिकडचा फुटबॉल खेळायचा. साथीमुळे त्याचा शेवटचा सीझन रद्द झाला, तेव्हा ‘बरं झालं, अभ्यास होईल,’ असं मी शहाण्यासारखं म्हणालो होतो. व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या वेळी तो सिंगापूरला घरीच होता. पेढे मी आधीच आणून ठेवले होते. शेवटचं नाव पुकारलं, तेही त्याचं नव्हतं.

“पुढच्या वर्षी परत बस,” मी म्हणालो.

“बाबा, ही बारावी नाही लाह,” तो सिंगापुरी शेपूट लावून म्हणाला. “मला खेळताना कुणी पाहिलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी इथल्या ईस्ट कोस्ट किनाऱ्याच्या वाळूत तो एकटाच चेंडू फेकत होता आणि स्वतःच जाऊन आणत होता. मी झेलायला धावलो आणि चेंडू नाकावर घेतला. एरवी तो हसून लोळला असता.