तारेखालचा गुलाल

माझी गिटार सुरातून उतरते, हे जगात सगळ्यात शेवटी मला कळलं. त्याआधी, घेतल्यापासून आठ वर्षं, मी ती लग्नांत वाजवत होतो.

आमचा बँड धुळ्याचा. टेम्पोवर जनरेटर, चार भोंगे, एक गायक, ऑक्टोपॅडवाला, कीबोर्डवाला आणि गिटारवर मी. खानदेशात लग्न म्हटलं की अशी गाडी पुढे आणि मागे नाचणारं गाव. माझं नाव होतं ते दांडीसाठी. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला एक लोखंडी दांडी असते. ती दाबली की तारा सैल पडतात, वर ओढली की ताणतात, आणि सोडली की मागच्या स्प्रिंगा सगळं जागच्या जागी आणतात. आणतात असं आपण समजायचं. अहिराणी गाण्यात सूर असा लचकवला की बायका मांडवातून बाहेर येऊन बघायच्या. मीही मग नको तिथे दांडी ओढायचो. लोकांची लग्नं लावण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, स्वतःचं तेवढं राहून गेलं. त्यामुळे कौतुक जिथून मिळेल तिथून मी घेत आलो.

कीबोर्डवाला माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मला ‘भाऊ’ म्हणायचा. टेम्पोत त्याची जागा माझ्या डाव्या हाताला. बोदवडला लग्न असो की साक्रीला, पंगतीत तो माझ्याशेजारीच बसायचा आणि माझ्या ताटातला लाडू न विचारता उचलायचा. आमचं फार बोलणं व्हायचं असं नाही. पण देवपुरातल्या माझ्या खोलीवर येणारा तो एकटाच माणूस होता. बाकी कोणी आलं तर मीटर बघायला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पहूरला एक लग्न होतं. मे महिना. नवरदेव मारुतीच्या पारावर पाया पडायला गेला होता आणि गाडी उभी होती. मोबाईलवर सूर तपासायचं ॲप मी नुकतंच घेतलं होतं. नवं खेळणं हातात, म्हणून बसल्या बसल्या साही तारा त्यावर अगदी काट्यावर लावल्या. नवरदेव परतला, गाणं सुरू झालं, आणि कीबोर्ड आणि गिटार एकमेकांशी भांडायला लागले. माझी तार तर काट्यावर होती. म्हणजे चूक त्याची. मी हात वर करून गाणं थांबवलं आणि माईकजवळच ओरडलो, "तुझा कीबोर्ड बिघडलाय की कान?"

वऱ्हाड हसलं. नवरदेवाचा मामा तर गाडीच्या फळीवर थाप मारून हसला. कीबोर्डवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, "बरं भाऊ" म्हणाला आणि दोन बटणं दाबली. सूर जुळला. मी जिंकल्यासारखा दांडी ओढत सुटलो.

आता वाटतं, कीबोर्ड काय उन्हाने उतरतो? त्याला ना तार, ना खुंटी. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. राग आला की माझं डोकं तेवढंच चालतं.

त्या हंगामाची तीन लग्नं उरली होती. ती त्याने नीट वाजवली. मग सुरतेला मेहुण्याकडे कापडाच्या कारखान्यात गेला. जाताना खोलीवर आला नाही. मी फोन केला नाही. लहान आहे, त्याने करावा, असा माझा हिशेब. पावसाळ्यात लग्नं नसतात. दिवसा दुकानात मोटारींचं वाइंडिंग करायचं आणि संध्याकाळी खोलीत बसायचं. कधी कधी दोन दोन दिवस दुकानातल्या गिऱ्हाइकांखेरीज कोणाशी बोलणं होत नसे. मला करमत नव्हतं. त्याची आठवण येत होती, आणि हे कोणाला सांगायचं म्हटलं तर सांगण्यासारखा माणूस तोच होता.

मग दुसरा कीबोर्डवाला आला. चांगला शिकलेला, शांत. पण पहिल्याच लग्नात तिसऱ्या गाण्याला म्हणाला, "काका, गिटार उतरली." पाचव्याला पुन्हा. सातव्याला त्याने म्हणणं सोडलं आणि गायकाकडे नुसतं बघितलं. दोन हंगाम असेच ओढले. शेवटी बँडच्या मालकांनी मला बाजूला घेतलं. तुळशीच्या लग्नापर्यंत गिटारचं काही बघा, म्हणाले, नाहीतर गिटारचा आवाज कीबोर्डमध्येही असतो. अपमान झाला, पण उलट बोलायची सोय नव्हती. त्या टेम्पोवरची जागा गेली तर माझ्याकडे ती खोलीच उरणार होती.

मी घरी येऊन ॲप लावलं. तार काट्यावर आणली, दांडी वर ओढली, सोडली. काटा खाली. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. पुन्हा खाली. म्हणजे खरंच उतरत होती.

मी नव्या तारा आणल्या. नव्या तारांनी जास्तच छळलं, कारण त्या आधी हाताने ओढून ताणून घ्यायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. खुंटीवर चार वेढे जास्त मारले, त्यानेही काही झालं नाही, उलट ते वेढेच सरकायला लागले. मग बाभळीच्या लाकडाची पाचर करून मागे स्प्रिंगांच्या खोबणीत ठोकली, म्हणजे ब्रिज हलणारच नाही. गिटार सुरात राहिली खरी, पण दांडी मेली. दांडीशिवाय मी म्हणजे मांडवातला रिकामा खांब. पाचर काढून फेकली.

जुन्या धुळ्यात पेटी दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी कधी उघडली नव्हती. "तार है ना? फिर देखते हैं," म्हणाले. त्यांनी ॲप-बिप काही बघितलं नाही. गिटार मांडीवर आडवी घेतली, कान लाकडाला लावला आणि मला दांडी हळू ओढायला सांगितली.

"टिक् बोल रही है," ते म्हणाले. "ब्रिज में नहीं. इधर."

त्यांनी बोट ठेवलं ते मानेच्या टोकावर, जिथे पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तिथे तार अडकत होती. ओढली की सरकायची आणि सोडल्यावर परत यायची नाही. चाचांनी तार बाजूला केली आणि सुई खाचेत फिरवली. सुईच्या टोकावर लाल लगदा निघाला.

गुलाल. आठ वर्षांच्या वरातींचा गुलाल, रस्त्याची धूळ, थोडी हळद.

"पर ये चिपका कैसे? तेल किसने डाला?"

मीच. तार सरकावी म्हणून मी दर हंगामात त्या खाचांत खोबरेल सोडत होतो. डोक्याला चालतं, सायकलच्या चेनला चालतं, मग गिटारला का नाही? त्या तेलाने उडणारा सगळा गुलाल धरून ठेवला होता. जितकं अडकायचं तितकं मी जास्त तेल घालत होतो.

चाचांनी दातांच्या जुन्या ब्रशने आणि थिनरने खाचा धुतल्या. बारीक पॉलिशपेपर दुमडून दोन वेळा फिरवला, जास्त नाही. मग पेन्सिलीचं टोक खाचेत घासलं. शिसं कोरडं असतं, त्यावरून तार घसरते. ब्रिज टेकतो तिथली धूळही काढली. पाठीमागचे दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत स्प्रिंगांचा ताण तारांच्या ताणाइतका केला. पूर्ण दुपार गेली. शेवटी मी दांडी ओढली, दाबली, नाचवली आणि सोडली. सूर घरी आला. पुन्हा केलं, पुन्हा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी थिनरवर ढकललं.

चाचा हात पुसत म्हणाले, "आठ साल बाजूवाले ने कुछ नहीं बोला?"

"नवा बोलला. जुना सहा वर्षांत कधीच नाही."

"तो फिर वो क्या करता था?"

याचं उत्तर मला बँडच्या गोडाऊनमध्ये मिळालं. तुळशीच्या लग्नाआधी सामान बाहेर काढलं होतं आणि नवा कीबोर्डवाला बँडचा जुना कीबोर्ड पुसत होता. कडेला एक पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर जुन्या कीबोर्डवाल्याचं ते तिरकं अक्षर. सुरुवात ४४०. पार ४३८. वरात ४३६. परतताना ४३४. ती पट्टी मी शंभरदा पाहिली होती. ठेक्यांचे नंबर असतील, असं समजत आलो होतो.

"हे कीबोर्डचं ट्यूनिंग आहे, ४४० म्हणजे नेमका सूर," नवा म्हणाला. "कोणीतरी दर तासाला सूर खाली घेत होतं. असं का केलं असेल?"

मी बाहेर जाऊन टेम्पोच्या सावलीत बसलो. माझ्याइतका मूर्ख माणूस धुळे जिल्ह्यात दुसरा नसेल. सहा वर्षं तो माझ्याबरोबर खाली येत राहिला, कोणाला कळू न देता, आणि ज्या दिवशी मी ॲपने तार वर नेली त्या दिवशी तो खालीच राहिला होता. माझ्यासाठी. त्यावर मी भर वरातीत त्याच्या कानांना दोष दिला.

फोन लावला. मागे यंत्रांचा खडखडाट होता, म्हणून तो अहिराणीत ओरडूनच बोलत होता.

"भाऊ! कसा शे?"

मी पट्टीचं विचारलं.

"तुनी गिटार उतरनी का मीबी उतरस, बस," तो म्हणाला. "त्यामा काय मोठं शे?"

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगू भाऊ तुले?"

खरंच, कसं सांगणार होता? मी ऐकणारा होतो थोडाच? पहूरच्या त्या दिवसाबद्दल माझं चुकलं, असं मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे ते अर्धवटच निघालं. "जाऊ दे," तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. चाचा, सुई, गुलाल, खोबरेल. खोबरेलावर तो मनापासून हसला. ते हसणं ऐकून मला धीर आला. मी म्हणालो, "आता गिटार अजिबात उतरत नाही. कितीही दांडी ओढली तरी नाही." पुढचं वाक्य ‘तर तू परत ये’ हे होतं. मी श्वास घेत होतो, तेवढ्यात तोच बोलला.

"बेस व्हयनं भाऊ." त्याला खरंच आनंद झाला होता. "आते तुले कोनीबी चाली."

मला कोणीही नको, तूच पाहिजेस, असं मला म्हणायचं होतं. मी "हो, चालेल" म्हणालो, आणि त्याने यंत्राकडे जायचंय म्हणून फोन ठेवला.