वाकलेलं क्षितिज

त्या दिवशी वर्गात मी आधी प्रोजेक्टरवाल्यावर ओरडले. पडद्यावर सतराव्या शतकातलं एक डच निसर्गचित्र होतं. खाली जमिनीची चिंचोळी पट्टी, वर नुसतं आभाळ. तिथली जमीन इतकी सपाट, की चित्रकारांनी क्षितिज पार खाली ढकललं आणि सगळी जागा ढगांना देऊन टाकली, असं मी सांगत होते. आणि बघते तर ते क्षितिज मधोमध पोक काढून बसलेलं! "अहो, पडदा ओढून लावा की नीट, किती वेळा सांगायचं?" त्यानं बिचाऱ्यानं ओढला. पोक तसंच. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, सरळच आहे."

मी डावा डोळा झाकला. रेघ वाकली. उजवा झाकला, रेघ सरळ. उरलेला तास मी पडद्याकडे पाठ करून शिकवला.

घरी, सरस्वतीपुरमला जाताना बसमध्ये खिडकीचे गज, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या, जे दिसेल ते एकेका डोळ्यानं तपासत आले. शेजारची बाई सरकून बसली. ही या वयात डोळे कुणाला मारतेय, असं वाटलं असेल तिला.

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, डोळ्यातच इंजेक्शन द्यावं लागेल. गेलेलं परत येईलच असं नाही, आहे ते टिकावं म्हणून. डाव्यातही सुरुवात दिसतेय. "आणि नाही टिकलं तर?" मी विचारलं. "नोडोणा, मॅडम," बघू या. मेल्याला दुसरा शब्दच सुचला नाही!

इंजेक्शन सोमवारी होतं. सुईची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. जन्मभर मी फक्त बघण्याचं काम केलं. ते गेलं तर माझ्याकडे राहतं काय?

रविवारी दुपारी मी चित्रांचं जाडजूड पुस्तक नवऱ्याच्या मांडीवर आदळलं. हे बँकेतून रिटायर झालेले, चित्र म्हणजे कॅलेंडरवरचं, एवढीच ओळख. "मी डोळे मिटून सांगते. तुम्ही पानं उलटत ताडून बघा. चुकले की थांबवा."

"अय्यो, आत्ता? सरी, बरं, सांग."

मी सुरुवात केली. आधी संतांच्या मागे नुसता सोनेरी रंग, निसर्ग नाहीच. मग मेरीमातेच्या मागे एक छोटी खिडकी आणि तिच्यात निळसर डोंगर. पुढे ती खिडकी वाढत वाढत चित्रभर झाली आणि माणसं मुंगीएवढी उरली. डच आभाळ सांगितलं, कुठल्या ढगाखाली ऊन पडलंय तेही. इंग्रजांचं धुकं सांगितलं. नळीतले रंग काखोटीला मारून शेतात जाऊन बसणारे फ्रेंच सांगितले. प्रत्येक चित्राला ते म्हणत, "सरी." बरोबर. एकही चूक नाही! मला जरा धीर आला. सगळं आत शाबूत आहे म्हणायचं.

डोळे उघडले. पुस्तक बंदच होतं. आणि यांचेही डोळे मिटलेले.

"अहो! झोपलात?" माझा आवाज चढला. "इथं माझा जीव चाललाय आणि तुम्ही—"

"झोपलो नाही ग." डोळे न उघडताच ते म्हणाले. "बघत होतो, नुसतं सांगून दिसतं का ते. उद्या काही झालंच तर मला सांगावं लागेल ना तुला, सगळं." ते बंद पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. घाबरलेली मी एकटीच नव्हते तर.

मी डोळे पुन्हा मिटले. "सांगा मग. समोर काय दिसतंय?"

ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्याचं ऐकू आलं. घसा खाकरला.

"रस्ता आहे. एक स्कूटर आहे. पलीकडे झाड आहे."

"कसलं झाड?"

"झाडच. मोठं आहे."

"अहो, रंग कसा आहे? ऊन कुठनं पडलंय?"

खिडकीचं दार आणखी ढकलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हिरवं आहे ग. नेहमीसारखं."

मला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून हसले. आणि हसता हसताच थांबले. याच्यापुढे माझं सगळं जग एवढंच असणार होतं, एक मोठं झाड, नेहमीसारखं हिरवं. "इकडे या," मी म्हटलं, "खिडकी राहू दे, आधी इकडे या," आणि डोळे उघडायचा धीर होईना म्हणून नुसताच हात पुढे केला.