हसतानाचा एक फोटो

"हनुवटी वर कर. कार्ड छातीशी धर. हलू नको."

सेक्रेटरी माझा फोटो काढत होते. नवीन पनवेलच्या एका सोसायटीची पांढरी भिंत, तिला टेकून मी, दोन्ही हातांत माझं आधार कार्ड. आत्ताच एकाने कानाखाली वाजवली होती, गाल पेटला होता. समोर वीसेक माणसं. रविवारची संध्याकाळ, तिरपं ऊन. आणि माझ्या डोक्यात काय यावं? मोकळा उजेड, मागे साधी भिंत, फोटो दुसऱ्याने काढलेला. चांगल्या फोटोचे सगळे नियम पाळले गेले होते. 

हे नियम मला संदेशने शिकवले होते. आम्ही दोघं एकाच कंपनीत पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचो. माझं वय एकोणतीस. चार स्थळं झाली, चारही ठिकाणी एकच उत्तर, मुलगा ऑफिसात नाही. मग संदेशने माझ्या मोबाइलवर डेटिंगचं अ‍ॅप टाकून दिलं. दोन महिने कुत्रं विचारेना. फोटो चुलतभावाच्या हळदीतला होता. डोळ्यांवर गॉगल, गालाला हळद, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा कापलेला हात. संदेश म्हणाला, "हा बघून पोरगी नाही येणार, बँडवाला येईल सुपारी घ्यायला. नीट एक हसतानाचा फोटो काढ."

आमच्या विचुंबे गावातल्या घराला उजेड कुठला? समोर बांधकाम, मागे पत्रे. मला त्या सोसायटीची बाग आठवली. तिथल्या पंधरा-वीस घरांचे फिल्टर मीच बघायचो. आकाशी शर्टाला इस्त्री केली, मिशी कोरली आणि गेलो. गेटवरच्या वहीत रकाने होते. नाव, मोबाइल, कुणाकडे, कशासाठी. मी लिहिलं, चारशे दोन, फिल्टर. खोटं लिहिलं. तेवढं माझं चुकलं, ते मी आजही कबूल करतो.

बागेत फोन कुंडीला टेकवून ठेवला. दोनदा पडला. सायकल खेळणारी सात-आठ वर्षांची एक मुलगी थांबून बघत होती.

"काका, मी काढू?"

मी फोन दिला. तिने दहा फोटो काढले आणि वैतागली. "शाळेतल्यासारखे काय उभे राहता? हसा ना!" मला खरंच हसू फुटलं. तिने ते बरोबर पकडलं. आईशप्पथ सांगतो, आयुष्यात मी एवढा बरा कधी दिसलो नव्हतो.

तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून तिच्या आईने किंकाळी फोडली.

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज प्रत्येकाच्या फोनवर फिरत होते. नुसत्या संशयावरून माणसं ठेचून मारल्याच्या बातम्या येत होत्या. एका फोटोपायी मी ते सगळं विसरलो होतो. पुरुष धावत आले. कॉलर धरली, एकाने वाजवली. मुलगी ओरडत होती, "मीच मागितला फोन!" तिला उचलून घरात नेलं. तिचं कोण ऐकणार? आता आपल्याला मारणार, एवढंच मला दिसत होतं.

सेक्रेटरींनी फोन हिसकावला. त्यात मुलीचा एकही फोटो नव्हता. अकरा होते, अकराही माझेच. तिथेच थांबायचं ना? नाही. त्यांनी ते अ‍ॅप उघडलं आणि मी स्वतःबद्दल लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "साधा माणूस आहे. स्वयंपाक येतो. आई-वडिलांसोबत राहतो." मग लोकांकडे वळून म्हणाले, "हा म्हणे पोरगी पटवतोय! आरशात थोबाड बघितलंय का?" सगळे हसले. कानाखालच्यापेक्षा ते जास्त लागलं.

गर्दीत मला चारशे दोनच्या मॅडम दिसल्या. त्यांच्या ओट्याशी मी सहा वेळा काम केलंय. म्हटलं, "मॅडम, सांगा ना यांना. मी, तुमचा फिल्टरवाला."

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "आमचा फिल्टरवाला निळ्या टी-शर्टमध्ये असतो."

त्या खोटं बोलत नव्हत्या. सहा वेळांत त्यांनी माझं तोंड एकदाही बघितलं नव्हतं.

माझे अकरा फोटो सेक्रेटरींनी पुसले. मला कार्ड धरून भिंतीशी उभं केलं आणि स्वतःच्या फोनवर एक काढला. मग मला गेटबाहेर ढकललं.

मी घरी पोचायच्या आधी तो फोटो गावात पोचला होता. खाली लिहिलेलं, "हा इसम लहान मुलींना फूस लावतो. दिसेल तिथे धरा." छातीवरच्या कार्डावरचं नाव लख्ख वाचता येत होतं.

तीन दिवस कामावर गेलो नाही. दारासमोर मोटारसायकल थांबली की मी आतून कडी लावायचो. एकदाच नाक्यावर गेलो. चहावाल्याने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोनकडे. मी चहा तसाच ठेवून चालायला लागलो. पळालो असतो तर मागे लागले असते. घर येईपर्यंत मान वळवायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी मिशी काढून टाकली. फोटोतला माणूस तो मी नव्हे, असं वाटावं म्हणून.

बाहेर आलो. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आमच्यात बाप गेल्यावर मिशी काढतात. आणि बाप समोर ओट्यावर बसला होता. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. त्यांनी माझ्या ओठाकडे बघितलं.

"मी जिता हाय ना रं अजून?"

आई रडायला लागली. "कोनाच्या भ्यानं केलास रं?"

 जिवंत बापाचं सुतक मी तोंडावर घेऊन उभा होतो, आणि कुणाला भिऊन? ज्याने माझं हसू पुसलं त्याला भिऊन. शरमेने जीव नकोसा झाला. मग राग आला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा धड राग आला.

कंपनीचा निळा टी-शर्ट घातला, बॅग खांद्याला लावली आणि निघालो. वॉचमनने बॅग बघून मान हलवली, वहीसुद्धा पुढे केली नाही. मीच मागून घेतली. कुणाकडे? सेक्रेटरी. कशासाठी? माफी ऐकायला.

सेक्रेटरींनी दार उघडलं. "आमच्याकडे फिल्टरची तक्रार नाही."

"फिल्टर नाही. तुम्ही फोटो काढलात ना, तो मी."

त्यांचा चेहरा उतरला. लगेच सावरले. "तो विषय संपला. जिवंत सोडलं, नशीब समज."

मी दारातून हललो नाही. "जिथे फोटो टाकलात तिथेच लिहा, या माणसाने काही केलं नव्हतं. माझ्या नावासकट. खाली तुमच्या नावासकट."

दार लागलं. तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो, तक्रार लिहून दिली, पोच घेतली. अजून काही झालेलं नाही.

मिशी आता परत आलीय. अ‍ॅपवर नवा फोटो आहे, संदेशने त्याच गेटसमोर काढलेला. निळा टी-शर्ट, खांद्याला बॅग. त्यात मी हसत नाहीये. कुणाला आवडो, न आवडो.

भीती गेली का? छट्. गेटवर लिहिताना अजून अक्षर वाकडं येतं. पण दर रविवारी पाच वाजता मी जातो आणि त्या वहीत लिहितो. नाव, मोबाइल. कुणाकडे? सेक्रेटरी. कशासाठी? माफी ऐकायला. सोळा रविवार झाले.

परवा वॉचमन म्हणाला, "वही संपत आली."

म्हटलं, "नवीन मी आणतो."